पंडिता रमाबाईंचा धीर



घरभेटीला गेलो की एक प्रश्न आम्हाला बहुतेक घरांत ऐकू येतो. हे असे किती दिवस चालायचे? कोणाचे कंत्राट पुढच्या महिन्यात संपते आहे आणि पुन्हा बोलावणार की ब्रेक देणार हे कोणी सांगत नाही. कोणाच्या कंपनीत तिसरी शिफ्ट बंद झाली आहे. कोणी दवाखान्याच्या रिपोर्टची वाट पाहत आहे, तर कोणाचा मुलगा डिप्लोमा हातात घेऊन भोसरीपासून चाकणपर्यंत गेटमागून गेट पालथे घालतो आहे. २०२० च्या टाळेबंदीत याच पट्ट्यातून डोक्यावर बोजा घेऊन, लेकरांचा हात धरून गावाकडे चालत निघालेली माणसे आपण डोळ्यांनी पाहिली आहेत.

अशा वेळी आपण एकमेकांना सांगतो, धीर धरा. शब्द चांगले आहेत, परंतु पुष्कळदा ते ऐकणाऱ्याला पोकळ वाटतात. धीर धरायचा म्हणजे नक्की करायचे काय? गप्प बसायचे? सोसत राहायचे? सगळे ठीक होईल असे मनाला बजावत राहायचे?

आपल्या मराठी भाषेने या शब्दात एक शहाणपण साठवून ठेवले आहे. धीर आपण धरतो, धीर देतो, कधी तो सुटतो, कधी खचतो. म्हणजे धीर ही हातात धरायची आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची गोष्ट आहे. हातावर हात ठेवून बसणाऱ्याला ती धरता येत नाही. हे नीट समजायचे असेल तर एका बाईचे आयुष्य डोळ्यांपुढे आणावे असे आम्हाला वाटते. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव स्टेशन लागते. तेथे ज्यांनी शेकडो निराधार मुलींना आसरा दिला, त्या पंडिता रमाबाईंची ही कथा. त्या आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या आणि श्रद्धेच्या काही बाबतींत त्यांचा मार्ग आपल्याहून वेगळा होता. तरीही त्यांचे जीवन सगळ्या मराठी माणसांचे धन आहे.

टोपलीतून सुरू झालेला प्रवास

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागात, आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. बायकांना संस्कृत शिकवू नये अशी त्या काळची रीत होती. अनंतशास्त्र्यांनी मात्र आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवले. लोकांचा विरोध झाला तेव्हा त्यांनी रानात आश्रम थाटला. आश्रमात विद्यार्थी राहत, यात्रेकरू येत आणि सर्वांना जेवण मिळे. पाहुणचारात पैसा संपला, कर्ज झाले आणि जमीन गेली. रमा काही महिन्यांची असतानाच हे कुटुंब घर सोडून निघाले. वेताच्या टोपलीत बाळ आणि ती टोपली माणसाच्या डोक्यावर, असा तिचा पहिला प्रवास झाला. त्यानंतर कित्येक वर्षे या कुटुंबाला स्वतःचे घर नव्हते. तीर्थक्षेत्री जायचे, देवळात पुराण सांगायचे, लोक देतील त्यावर दिवस काढायचे. या भटकंतीतच आईने रमेला शिकवले. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत हजारो श्लोक तिला तोंडपाठ झाले होते.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. घरातली भांडी, दागिने, कपडे एकेक करून विकले गेले. पुराण ऐकायला कोणाच्या अंगात त्राण उरले नव्हते. अंगमेहनतीचे काम या पंडित कुटुंबाने कधी केले नव्हते आणि भीक मागायची लाज वाटे. शेवटी रानातला पाला खाण्याची वेळ आली. १८७४ मध्ये वडील गेले. त्यांना दफन करण्यासाठी नेताना मदतीला माणसे मिळाली नाहीत. भाऊ श्रीनिवासने त्यांचा देह उचलून नेला. काही महिन्यांत आईही गेली. तिला नेताना खांदेकरी कमी पडले. चौथी खांदेकरी म्हणून सोळा वर्षांची रमा पुढे आली. ती उंचीने लहान, म्हणून तिला तो भार खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावा लागला. त्यानंतर थोरली बहीणही कॉलऱ्याने गेली.

उरली दोघे बहीण-भाऊ. पुढची काही वर्षे ती दोघे हजारो मैल पायी चालली. उत्तरेकडे झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हते, तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. हे चित्र आमच्या मनातून जात नाही. उद्या काय खायचे हे ठाऊक नाही, जायचे कोठे ते ठरलेले नाही, आई-वडील नाहीत. पण आजची रात्र काढायची आहे आणि त्यासाठी हाताशी असलेली वाळू उपयोगी पडते. धीर म्हणतात तो असाही असतो. त्यात मोठे काही दिसत नाही. एक रात्र निभावून नेलेली असते, इतकेच.

मान मिळाला, माणसे गेली

१८७८ मध्ये बहीण-भाऊ कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. तिची परीक्षा घेऊन त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. आता तरी दिवस पालटले असे वाटावे, तोच १८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी असल्याने दोन्हीकडचे लोक दुरावले. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्याने गेले. विवाहाला दोन वर्षेही झाली नव्हती. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती.

त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि इतर सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. सरकारने शिक्षणाची स्थिती पाहण्यासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि या देशातील स्त्रियांना स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असे ठामपणे मांडले. स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ मध्ये त्या छोट्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. तेथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

पण ज्यासाठी सातासमुद्रापार गेल्या ते घडले नाही. त्यांना कमी ऐकू येई आणि त्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचे दार बंद झाले. बरोबर आलेली मैत्रीणही तेथेच दगावली. मठातील भगिनींशी श्रद्धेच्या काही मुद्द्यांवर त्यांचे मतभेद झाले, कारण मनाला पटल्याशिवाय होकार द्यायचा नाही असा त्यांचा स्वभाव होता. एखाद्याने येथे हार मानून परतीचे जहाज पकडले असते. रमाबाईंनी अध्यापनाची तयारी केली. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या. डॉक्टर होता येत नसेल तर शिक्षिका व्हायचे, असे त्यांनी ठरवले. कामाचे साधन बदलले, पण काम त्यांनी सोडले नाही.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तेथे त्यांनी भारतातील उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गावोगाव व्याख्याने दिली. बॉस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने त्यांच्या नियोजित शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे कबूल केले. ही दहा वर्षांची मुदत लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, तेव्हा विद्यार्थिनी होत्या दोन. त्यांतील एक गोदूबाई. पुढे महर्षी कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. १८९० मध्ये सदन पुण्यात आले आणि विधवा मुलींची संख्या वाढत गेली.

मग १८९३ चे वादळ आले. सदनात धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती होणार नाही असे ठरले होते. परंतु रमाबाई सकाळी प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपणहून तेथे येऊन बसत. पालकांना काळजी वाटणे स्वाभाविक होते. वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे मोलाचे सल्लागार दूर झाले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

आपण त्या जागी असतो तर काय केले असते? रागाच्या भरात कडाडून प्रत्युत्तर दिले असते किंवा शाळेला कुलूप लावले असते. रमाबाईंनी उरलेल्या मुलींचे वर्ग दुसऱ्या दिवशीही भरवले. प्रार्थना सोडली नाही, शाळाही सोडली नाही. गेलेल्यांचा हिशेब करीत न बसता त्या राहिलेल्या मुलींना शिकवत राहिल्या.

याच सुमारास त्यांनी आणखी एक काम केले. अमेरिकेतील मंडळाची मुदत १८९८ च्या सुमारास संपणार होती. पुढे पैसा कोठून येणार? त्यांनी केडगावजवळ सुमारे शंभर एकर माळरान विकत घेतले. तेथे विहिरी खणाव्यात, फळझाडे लावावीत आणि त्या उत्पन्नावर सदन चालवावे असा बेत होता. लोकांना ते वेडेपण वाटले असेल. झाडाला फळ यायला वर्षे लागतात. पण ज्याला पुढचे दिसत नाही, त्याला निदान झाड लावता येते.

प्लेगचे वर्ष

१८९६ च्या पावसाने दगा दिला आणि मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. निराधार मुलींचे हाल आणि त्यांना फसवून नेणाऱ्या दलालांच्या बातम्या रमाबाईंच्या कानावर आल्या. हातात पैसा नव्हता. पण पाला खाल्लेले दिवस त्या विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि टप्प्याटप्प्याने तीनशेच्या वर मुली घेऊन आल्या. त्या मुली हाडांचे सापळे झाल्या होत्या, अंगावर चिंध्या होत्या आणि कित्येक आजारी होत्या. काही मुली वाचल्या नाहीत. हेही सांगितले पाहिजे. धीर धरला म्हणून प्रत्येक वेळी यश येतेच असे नाही.

तोवर पुण्यात प्लेग शिरला होता. १८९७ च्या आरंभी शहरात हाहाकार उडाला. फेब्रुवारीत रँडची नेमणूक झाली, गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घेऊ लागले आणि माणसांना छावण्यांत व इस्पितळांत नेऊ लागले. त्या वर्षाचा आपल्या चिंचवडशी संबंध आहे. चापेकर चौकातून आपण रोज ये-जा करतो. त्या जुलमाने पेटून उठलेले चापेकर बंधू चिंचवडचेच. २२ जून १८९७ रोजी दामोदरपंतांनी रँडवर गोळी झाडली आणि पुढे तिघेही भाऊ फासावर गेले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. एकच संकट होते आणि माणसे त्याला आपापल्या परीने सामोरी गेली. येथे आम्ही कोणाला कोणाशी तोलत नाही. रमाबाईंच्या वाट्याला आलेला प्रश्न असा होता की, या तीनशे मुलींचे आता काय करायचे?

शहरात इतक्या मुली एकत्र ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. दुष्काळातून वाचवलेल्या मुली साथीच्या तोंडी द्यायच्या का? तेव्हा केडगावचे ते माळरान कामी आले. फळबागेसाठी घेतलेल्या जागेवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेथे पक्की इमारत नव्हती, पण मोकळी हवा आणि पाणी होते. जमीन घेताना प्लेग येईल हे रमाबाईंना कोठे ठाऊक होते? त्यांनी फक्त तेव्हा सुचलेले शहाणपणाचे काम केले होते. त्याचा उपयोग वेगळ्याच ठिकाणी झाला.

याच काळात प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची जी आबाळ होत होती, तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले. त्यांच्या सदनातील एका मुलीलाही तेथे नेण्यात आले होते. सरकारला ते पत्र झोंबले आणि आरोप नाकारले गेले. रमाबाईंनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण धीर आणि मुकाट्याने सोसणे या दोन गोष्टी आपण एक समजतो. अन्याय दिसला तर स्पष्ट बोलणे आणि बोलून झाल्यावर पुन्हा आपल्या कामाला लागणे, हे दोन्ही धीराचेच काम आहे.

मुक्ती

केडगावच्या त्या वस्तीला मुक्ती हे नाव पडले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिकडूनही शेकडो मुली आणल्या गेल्या आणि मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. या सगळ्यांना रोज जेवू घालायचे होते. तेथे कोणी रिकामे बसत नसे. शेती, गाईगुरे, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना ही सगळी कामे मुली आणि बायका शिकल्या. अंध मुलींसाठी शाळा निघाली. तेथे मनोरमाबाई त्यांना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवीत.

रमाबाईंचे आणखी एक काम होते. त्या वेळचे मराठी बायबल खेड्यातल्या साध्या बाईला जड जाते असे त्यांना वाटे. म्हणून चाळिशी उलटल्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. शिशाचे खिळे जुळवणाऱ्या, पाने छापणाऱ्या सगळ्या मुक्तीतल्याच बायका होत्या. कधी काळी दुष्काळातून आणलेल्या मुली आता शुभवर्तमानाची पाने छापत होत्या.

शेवटची परीक्षा बाकी होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. वय अवघे चाळीस. आईनंतर मुक्तीचा कारभार ज्यांनी सांभाळायचा, त्या आईआधी गेल्या. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कान जवळजवळ निकामी झाले होते, प्रकृती ढासळली होती. त्यांनी मुद्रिते तपासण्याचे काम पुढे चालू ठेवले. ते पूर्णत्वाला आले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या मागे १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्ती मिशन केडगावला आजही उभे आहे.

आपल्यासाठी

रमाबाईंच्या आयुष्यात असा एकही मोठा निर्णय नाही की जो घेताना पुढचे त्यांना स्पष्ट दिसत होते. तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक भेद शिकवला गेला होता. अंदाज वेगळा आणि आशा वेगळी. उद्या काय होईल हे हिशेबाने सांगता येते तेव्हा तो अंदाज असतो आणि त्याला धीर लागत नाही. हिशेब चुकतो, अंदाज संपतो, तेथून आशेचे काम सुरू होते. आशा म्हणजे सगळे चांगलेच होईल अशी खात्री नव्हे. आज हाताशी असलेले चांगले काम व्यर्थ जाणार नाही, या विश्वासाने ते करणे म्हणजे आशा.

म्हणून ज्यांचे कंत्राट संपत आले आहे त्यांना आम्ही एवढेच सांगू की, वाट पाहण्याचे दिवस वाया जाऊ देऊ नका. एखादे नवे यंत्र चालवायला शिका. जमेल तेवढे मागे टाका, रक्कम लहान असली तरी चालेल. हक्काचा पगार किंवा पी.एफ. अडला असेल तर चार जणांनी मिळून नीट शब्दांत विचारा. त्यात अधीरपणा नाही. आणि घरात काय चालले आहे ते लपवू नका. काम सुटल्याची गोष्ट पुरुष बायकोपासून लपवतात, सकाळी डबा घेऊन निघतात आणि दिवसभर कोठेतरी बसून राहतात. एकट्याने धरलेला धीर लवकर सुटतो. रमेच्या आईला नेताना तिघे खांदेकरी होते आणि चौथी जागा भरायला ती लहानखुरी मुलगी उभी राहिली. आपल्या धर्मग्रामातही कोणाच्या तरी ओझ्याला एक खांदा कमी पडत असेल.

ज्यांच्या घरी सध्या सगळे ठीक आहे त्यांनी या आठवड्यात आपल्या इमारतीतील किंवा चाळीतील एका तरी अशा घरी जावे. उपदेश करू नये. थोडा वेळ बसावे, चहा घ्यावा आणि मुलांच्या फीचे काय झाले ते विचारावे. धीर दिला जातो तो असाच. आणि जमले तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन केडगावला जाऊन यावे.

प्रभू आपणा सर्वांना धीर धरण्याचे आणि तो दुसऱ्याला देण्याचे बळ देवो.